जुना डेस्कटॉप: दुरुस्त करावा, लिनक्सवर न्यावा की बदलावा?

सांगलीत गणपती पेठेतील दुकाने, मार्केट यार्डातील अडती, विश्रामबागेतील कर सल्लागारांची कार्यालये आणि आसपासच्या गावांतील दूध संस्था अशा ठिकाणी २०११ ते २०१४ या काळात जुळवून घेतलेले डेस्कटॉप आजही रोजच्या कामात आहेत. आत बहुधा एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, इंटेलचा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, चार जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ही यंत्रे त्या पंगतीत बसत नाहीत. मालकासमोर तीन वाटा उरतात: आहे ते दुरुस्त करून विंडोज १० वरच चालवणे, त्याच यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकणे, किंवा नवे अथवा रिफर्बिश्ड (वापरलेले, पण तपासून पुन्हा विकले जाणारे) यंत्र घेणे.

यांतली कोणती वाट धरायची हे यंत्राच्या वयावरून ठरवू नये. बिघाड सुट्या भागात आहे की ड्रायव्हरमध्ये (विंडोजला तो भाग वापरू देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये), आणि त्या यंत्रावर नेमके कोणते काम चालते, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरवावे. पहिला प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. कोणतीही तक्रार आली की ‘फॉरमॅट मारून देतो’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकतो, असे सांगितले जाते, आठवडाभर यंत्र बरे चालते आणि मग तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

बिघाड भागाचा की ड्रायव्हरचा?

ड्रायव्हर विंडोजबरोबर सुरू होतो, त्यामुळे विंडोज येण्यापूर्वी घडणाऱ्या गोष्टींचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. डिस्प्लेच येत नसेल, बायोसच्या (विंडोजआधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रामच्या) पडद्यावर असतानाच यंत्र बंद पडत असेल किंवा पंखे फिरून लगेच थांबत असतील, तर तिथे फॉरमॅटचा काही उपयोग नाही. याउलट फॉरमॅटनंतर आवाज गेला, पडद्यावरची अक्षरे ताणलेली दिसू लागली किंवा लॅनचे चिन्हच दिसेनासे झाले, तर भाग बदलण्याआधी ड्रायव्हर पाहावा. खरी अडचण मधल्या तक्रारींची असते. दहा-पंधरा मिनिटांनी हँग होणे हे तापलेल्या प्रोसेसरमुळे होऊ शकते, तसेच खराब रॅम, मरणाला टेकलेली हार्ड डिस्क किंवा बिघडलेला ग्राफिक्स ड्रायव्हर यांमुळेही होऊ शकते.

अशा वेळी लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराचा पेन ड्राइव्ह तयार करून यंत्र त्यावरून सुरू करावे आणि काहीही इन्स्टॉल न करता तास-दीड तास व्हिडिओ चालू ठेवावा. तिथेही यंत्र हँग झाले, तर विंडोज आणि त्याचे ड्रायव्हर निर्दोष ठरतात व संशय भागांवर येतो. आवाज आणि लॅन तिथे नीट चालले, तर ते भाग शाबूत आहेत आणि बिघाड विंडोजच्या बाजूला आहे. एक मेख मात्र लक्षात ठेवावी. पेन ड्राइव्हवरून चालताना हार्ड डिस्क वापरलीच जात नाही, त्यामुळे ही चाचणी पार पडली तरी डिस्क निर्दोष ठरत नाही. मिंटमधल्या डिस्कच्या साधनात तिची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहावी. खराब म्हणून बदललेल्या किंवा प्रलंबित सेक्टरांचा (डिस्कवरील लहान कप्प्यांचा) आकडा शून्यावर असेल तर ठीक. तो वाढत असेल, तर दुसरे काहीही करण्याआधी डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा.

रॅमची तपासणी मेमटेस्ट या प्रोग्रामने रात्रभर करता येते. त्याआधी वीज काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरून, रॅमची पट्टी बाहेर काढावी आणि तिचे सोनेरी संपर्क मऊ खोडरबराने हलके पुसावेत. डिस्प्ले न येण्याच्या तक्रारी पुष्कळदा एवढ्यावरच मिटतात.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. हळदीच्या अडतीवरील कॅबिनेट उघडले की प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांच्या वरच्या कडेवर, पिवळसर धुळीचा जाड थर बसलेला दिसतो. पावसाळ्यातल्या ओलीने तो घट्ट झालेला असतो आणि पंखा वरून कितीही जोरात फिरला तरी हवा पात्यांपर्यंत पोहोचत नाही. नुसता ब्लोअर मारून हा थर निघत नाही. पंखा सोडवून, ब्रशने पाती मोकळी करून, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकते.

आपोआप रिस्टार्ट होणाऱ्या यंत्रात एसएमपीएसकडे (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) पाहण्याआधी यूपीएस बाजूला काढून यंत्र थेट भिंतीवरच्या सॉकेटवर चालवून पाहावे. ६०० व्हीएच्या यूपीएसमधील १२ व्होल्टची बॅटरी थकली की वीज क्षणभर लपकली तरी यंत्र बंद पडते आणि दोष एसएमपीएसवर जातो. थेट विजेवरही तेच घडले, तर बायोसमधील हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टची रेघ ११.४ ते १२.६ च्या दरम्यान आहे का ते पाहावे. त्याबाहेर गेली असेल, तर मल्टिमीटरने खात्री करून एसएमपीएस बदलावा. नवा घेताना हातात घेतल्यावर हलका लागणारा स्वस्त माल टाळावा, मग त्यावर कितीही वॅट छापलेले असोत.

मदरबोर्डवरील सीआर२०३२ या बटणाएवढ्या सेलचा उपद्रव सर्वांत फसवा असतो. तो संपला की तारीख मागे जाते, वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रे अवैध दिसू लागतात आणि जीएसटीचे पोर्टल उघडत नाही, म्हणून लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. दुसरा परिणाम याहून वाईट आहे. बायोसमधील सेटिंग पुसली जाऊन काही बोर्डांवर डिस्क जोडण्याची पद्धत एएचसीआयवरून पुन्हा आयडीई या जुन्या पद्धतीवर येते, विंडोज निळा पडदा दाखवून थांबते आणि पूर्णपणे सुस्थितीतील यंत्र फॉरमॅट केले जाते. किरकोळ किमतीचा सेल बदलून बायोसमध्ये एक ओळ पूर्ववत केली असती, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी पणाला लागल्या नसत्या. म्हणून निळा पडदा दिसताच आधी बायोसमधील तारीख पाहावी, असा माझा ठाम आग्रह आहे.

ड्रायव्हर शोधण्याचे मार्ग

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (भागांच्या यादीत) पिवळे चिन्ह दिसले की त्यावर उजवी क्लिक करून गुणधर्मांमधील कोड वाचावा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होऊ शकले नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे. शेवटच्या प्रकारात ड्रायव्हर पुन्हा बसवून पाहावा, पण भाग खराब असण्याची तयारीही ठेवावी. उपकरणाचे नाव कळत नसेल, तर तपशीलाच्या पानावरील हार्डवेअर आयडी उपयोगी पडतो. त्यात उत्पादकाचा क्रमांक ८०८६ असेल तर भाग इंटेलचा आणि १०ईसी असेल तर रियलटेकचा आहे.

ड्रायव्हर मिळवण्यासाठी विंडोज अपडेटमधील ऐच्छिक अपडेट हा पहिला मार्ग आणि मदरबोर्ड उत्पादकाचे संकेतस्थळ हा दुसरा. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात बसवून देणारी मोफत सॉफ्टवेअर मी कामाच्या यंत्रावर बसवू देत नाही. ती चुकीचा ड्रायव्हर बसवतात आणि सोबत नको असलेले प्रोग्रामही आणतात. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या ग्राफिक्सला विंडोज १० साठी कंपनीने अधिकृत आधार दिलेला नाही. विंडोज अपडेटमधून मिळणारा ड्रायव्हर चालतो, म्हणून तोच ठेवावा आणि त्याहून नवा शोधण्याच्या भरीस पडू नये. फॉरमॅट करण्यापूर्वी लॅनचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा, कारण तो नसेल तर बाकीचे शोधायला इंटरनेटच मिळत नाही.

तीन वाटा शेजारी शेजारी

भाग शाबूत असतील, तर विंडोज १० वरच राहण्याचा खर्च सर्वांत कमी आहे आणि काम एक दिवसही थांबत नाही. हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) आणि रॅम आठ जीबी एवढ्या दोनच बदलांनी यंत्राचा वेग कळण्याइतका वाढतो. एच६१ बोर्डावर साटाचा वेग सेकंदाला तीन गिगाबिटच मिळतो, म्हणून महागडी एसएसडी घेऊन फायदा नाही. एम.२ प्रकारची, लहान पट्टीसारखी एसएसडी तर या बोर्डावर बसतच नाही. तरीही फरक पडतो, कारण यंत्र रखडते ते विखुरलेल्या लहान फाइली शोधताना, आणि हार्ड डिस्कला त्यासाठी लागणारा वेळ एसएसडीला लागत नाही. या वाटेची उणी बाजू म्हणजे तिला मुदत आहे. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. बँकेचे आणि कराचे काम ज्या यंत्रावर चालते, ते त्यापुढे अपडेटविना इंटरनेटला जोडून ठेवू नये. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून व्यवसायासाठी मी ती सुचवणार नाही.

लिनक्सचा मोठा गुण नेमका ड्रायव्हरच्या बाबतीत दिसतो. या काळातील इंटेल ग्राफिक्स आणि रियलटेकचे आवाज व लॅनचे भाग त्याच्या कर्नलमध्येच (मूळ गाभ्यातच) ओळखले जातात, त्यामुळे शोधाशोध उरत नाही. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि चार जीबी रॅमवर ती समाधानकारक चालते. विद्यार्थ्यासाठी, घरासाठी, ईमेल, युनिकोड मराठी लेखन आणि ब्राउझरमधील कामासाठी ही वाट मला सर्वांत चांगली वाटते. एकट्या मालकीच्या दुकानाचे जीएसटी विवरणही ओटीपीवर भरता येते. पण टॅलीवर हिशेब असेल, कंपनी किंवा एलएलपी म्हणून डीएससी टोकन (डिजिटल सहीचे यूएसबी उपकरण) लावावे लागत असेल, किंवा छपाईचे काम श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटांवर चालत असेल, तर लिनक्सचा विचार सोडून द्यावा. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर हीही एक अडचण आहे. त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण तो बसवणे किचकट आहे आणि प्रणाली अपडेट झाल्यावर पुन्हा हात घालावा लागू शकतो. रोज पावत्या छापणाऱ्याने त्यात पडू नये.

तिसरी वाट कधी धरावी, याची खूण मदरबोर्डवर दिसते. कपॅसिटर (बोर्डावरचे लहान उभे नळकांड्यासारखे भाग) फुगलेले असतील किंवा ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजलेल्या यंत्राच्या संपर्कांवर हिरवट गंज चढलेला असेल, तर दुरुस्तीत पैसा घालू नये. त्याच प्रकारचा जुना बोर्ड शोधणे म्हणजे तेवढ्याच वयाचा दुसरा बिघाड विकत घेणे होय, आणि नव्या पिढीच्या बोर्डावर डीडीआर३ रॅम चालत नाही. अशा वेळी रिफर्बिश्ड यंत्र परवडते, मात्र प्रोसेसर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचाच घ्यावा. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ बसवून दाखवली, तर ती अटी चुकवूनच बसवलेली असते. आणखी एक फरक खरेदीच्या वेळी सहसा कुणी सांगत नाही. जुळवून घेतलेल्या यंत्राचा एसएमपीएस कोणत्याही दुकानात मिळतो, पण मोठ्या कंपन्यांच्या आटोपशीर डेस्कटॉपमध्ये तो बहुधा त्यांच्याच आकाराचा आणि जोडणीचा असतो. तो गेला तर बाहेरून मागवेपर्यंत काम थांबते.

दूध संस्थेत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल, तर नव्या यंत्रावर पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरची रुंद जोडणी) नसण्याची शक्यता धरावी. यूएसबीचे कन्व्हर्टर जुन्या डॉसवरील प्रोग्रामशी जुळतीलच असे नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपला प्रिंटर, टोकन आणि डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याचे यूएसबी उपकरण) दुकानात नेऊन त्याच यंत्राला लावावेत, ६४ बिटांचे ड्रायव्हर तिथेच बसवून घ्यावेत आणि एक पावती छापून, एका फाइलवर डिजिटल सही करून पाहावी. जुनी हार्ड डिस्क त्यानंतरही काही महिने तशीच जपून ठेवावी.