खान्देशातल्या ऑफिसात जाळीची खुर्ची: हंगामभराच्या वापरानंतर

खुर्ची अशी: पाठीला जाळी, बसायला कापडी फोम, सिंक्रो टिल्ट (पाठ आणि सीट एकत्र कलणारी यंत्रणा), पुढे-मागे सरकणारी सीट, वर-खाली होणारे हत्ते, नायलॉनचा पाच पायांचा बेस, खुर्ची वर-खाली करणारा क्लास ४ चा गॅस सिलिंडर. जागा: जळगावकडच्या जिनिंगचं हिशेबाचं ऑफिस. कापसाच्या हंगामात सुरू झालेला वापर उन्हाळा काढून पावसाळ्यात आलाय. रोज आठ-नऊ तास, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली एन्ट्री, आणि एकाच खुर्चीवर आलटून-पालटून वेगवेगळ्या उंचीची माणसं.

आधी ऊन. मे महिन्यात इथं पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा जाडजूड रेक्झिनची ‘बॉस’ खुर्ची दुपारी बसवत नाही. घाम, तेल आणि दमट हवेनं वरचा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर सुटतो, मग त्याचे काळे पापुद्रे शर्टाला चिकटतात. कूलरसमोर हे आणखी लवकर होतं. पाठीला जाळी असेल तर हवा खेळते, त्याबद्दल दुमत नाही. सीट मात्र जाळीची घेऊ नका. ती कालांतराने मधे बसते आणि पुढच्या कडेचा नळा मांडीला रुततो. सीटला साच्यातला फोम हवा, घनता घनमीटरला ४५-५० किलोच्या आसपास. पत्र्यासारखा कापून लावलेला हलका फोम दुकानात जास्त मऊ लागतो, म्हणूनच तो विकला जातो. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन थेट जाळीवर पडत असेल तर पडदा लावा, उन्हानं धागा कुजतो.

आता टेबल, कारण निम्म्या तक्रारी खुर्चीच्या नसतातच. आपल्याकडची टेबलं बहुतेक ३० इंची. पाच फूट दोन इंचांच्या माणसाचे तळवे जमिनीला टेकायचे तर सीट १६ इंचांच्या आसपास हवी, आणि कोपर टेबलाच्या पातळीला यायचं तर २०-२१ इंचांवर. खुर्ची वर घेतली की पाय लोंबतात, मांडीखाली दाब येऊन मुंग्या येतात. खाली घेतली की खांदे कानाशी जातात. त्यात ऑफिसात चपला बाहेर काढायची पद्धत, म्हणजे तळव्याची इंचभर उंचीही गेली. उपाय स्वस्त आहे: सुताराकडून उतरता पाट करून घ्या, टाचेकडून ३ आणि बोटांकडून ५ इंच, वर खरखरीत मॅट. टेबल लाकडी असेल तर पायच दोन इंच कापून घ्यावेत, ते खरं औषध. बऱ्याच खुर्च्यांची सीट १७ इंचांच्या खाली येतच नाही, त्यामुळे टेप घेऊनच दुकानात जावं.

सीट सरकवण्याची सोय मला हेडरेस्टपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटं जायला हवीत. ती जात नसतील तर माणूस आपोआप पुढे सरकतो आणि कंबरेचा टेकू नुसता शोभेला उरतो. टेकू पट्ट्याच्या पातळीला हवा. आमचा खटक्यांवर चढतो. खाली आणायचा तर पार वरपर्यंत ओढावा लागतो, मग तो सुटून खाली येतो. हे माहीत नसल्यानं लोक तो खाली दाबतात आणि दात मोडतात.

सिंक्रो टिल्टमध्ये पाठ साधारण दोन अंश मागे गेली की सीट एक अंश कलते, त्यामुळे पाय उचलले जात नाहीत. ‘खुर्ची मागे पाडते’ अशी ओरड आली तर सीटखालची गोल मूठ आवळा, पाच-सात फेरे लागतात. हात सोडून मागे रेललं की पाठ जिथल्या तिथे तोलली पाहिजे. लॉक लावूनच दिवस काढायचा असेल तर या यंत्रणेचे पैसे वाया.

गादीवर बसायची सवय असलेले मुनीमजी खुर्चीतही मांडी घालतात. त्यानं वजन सीटच्या कडांवर येतं आणि हत्ते आडवे येतात. अशांना हत्ते काढूनच द्या. उठताना हत्त्यांवर रेटा दिल्यानं त्यांचे बोल्ट ढिले होतात, मग कुरकुर सुरू. महिन्याभरात सगळे बोल्ट एकदा ॲलन कीनं आवळायचे, पण बेतानं. सीटखालच्या प्लायमध्ये ठोकलेली टी-नट (बोल्ट जिच्यात बसतो ती) जास्त जोरानं फिरली की लाकूड खाते, नंतर बोल्ट नुसता गरगरतो.

चाकांनी सर्वांत जास्त त्रास दिला. हवेतली रुई आसाभोवती गुंडाळून घट्ट कडं बनतं. चाक फिरायचं थांबून फरफटतं आणि टाइलवर काळा ओरखडा उठतो. खुर्ची उलटी करा, चाक सरळ ओढा. स्क्रू नसतो, ११ मिलिमीटरची पिन नुसती खोचलेली असते. दोन चाकांमधली रुई ब्लेडनं आडवी कापून चिमट्यानं ओढा. तेल घालू नका, त्याला रुई जास्त चिकटते. सोबत आलेली कडक नायलॉनची चाकं गुळगुळीत टाइलवर घसरतात, ती बदलून ६० मिलिमीटरची मऊ पीयूची घातली. शहाबादी फरशीच्या सांध्यांत ५० मिलिमीटरची अडकत होती, ही अडकत नाहीत.

सिलिंडर अजून बसला नाही. खुर्ची आपोआप खाली येऊ लागली तर सील गेलं समजा. त्यात दाबाखाली नायट्रोजन असतो, तो भरून मिळत नाही, नवाच घालावा लागतो. खोलू किंवा तापवू नका. सिलिंडर निमुळत्या खोबणीत नुसता रुतलेला असतो. बेस उलटा करून हातोडीनं ठोकला की सुटतो, वरचं टोक पाइप पान्ह्यानं पिळून निघतं. घेतानाच पूर्ण उंचीवर दहा मिनिटं बसून पाहावं.

हेडरेस्ट आम्ही काढून ठेवलं. एन्ट्री करताना डोकं पुढेच असतं, आणि उंची जुळली नाही तर ते मान पुढे ढकलतं. चारही दिशांना फिरणारे हत्तेही हिशेबाच्या कामाला फार लागत नाहीत, उंची बदलली की पुरे.

वॉरंटीत सिलिंडर, यंत्रणा आणि जाळी यांची मुदत वेगवेगळी असते, ती बिलावरच लिहून घ्या. पुण्या-नाशिकहून सुटा भाग मागवला तर ट्रान्स्पोर्टचं भाडं कोण देणार, हेही तिथेच ठरवा. आयएस १७६३१ हे कामाच्या खुर्चीचं भारतीय मानक आहे. डब्यावर किंवा बिलावर त्याचा उल्लेख आहे का, पैसे देण्याआधी पाहा.