‘टेक’ शिकवणारा शब्दकोश : कॉलिन्स कोबिल्ड

नवा इंग्रजी शब्दकोश हातात आला की मी आधी ‘टेक’चं (take) पान काढते. अवघड, लांबलचक शब्दांचे अर्थ सगळेच कोश बरे देतात. कस लागतो तो अशा चार अक्षरी, दिवसातून पन्नास वेळा लागणाऱ्या क्रियापदाला. या परीक्षेत माझ्याकडचा कॉलिन्स कोबिल्ड पहिला आला आणि अजून त्याचा नंबर कुणी घेतलेला नाही.

मी कराडजवळ एका मराठी माध्यमाच्या शाळेत २२ वर्षं इंग्रजी शिकवते. मी स्वतः एबीसीडी गिरवली ती पाचवीत. तेव्हा घरात एकच छोटा इंग्रजी-मराठी कोश होता आणि त्यात लिहिलं होतं : टेक – घेणे, पकडणे, नेणे, स्वीकारणे. एवढ्या चार शब्दांच्या जोरावर मी बी.ए. झाले. पुढे शिकवायला लागल्यावर मुलांच्या वह्या तपासताना कळलं, की हे चार शब्द चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत, आणि अपुरे असल्यामुळेच फसवतात.

एक वही मला विसरता येत नाही. नववीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘माय फादर सीझेस टी एव्हरी मॉर्निंग.’ वर्गात वाचून दाखवलं तेव्हा काहीजण हसले. तो मात्र गोंधळून गेला होता, कारण त्याने मेहनत केली होती. एका गाइडच्या मागे समानार्थी शब्दांची यादी होती, त्यात ‘टेक’पुढे ‘सीझ, ग्रॅब, रिसीव्ह, अ‍ॅक्सेप्ट’ असं ओळीने छापलेलं. चांगले मार्क मिळावेत म्हणून त्याने साध्या शब्दाऐवजी भारी शब्द निवडला. ‘सीझ’ म्हणजे हिसकावून, जोर लावून किंवा कायद्याने ताब्यात घेणं. पोलीस माल सीझ करतात. ‘रिसीव्ह’मध्ये समोरून आलेलं आपल्याला मिळतं, आपण हात पुढे केलेला असतोच असं नाही. ‘अ‍ॅक्सेप्ट’मध्ये आपला होकार आहे. यातलं काहीच त्या यादीत नव्हतं. चूक मुलाची नव्हती, यादीची होती. अशी नुसती यादी मुलांच्या हाती देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेले होते. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात कोबिल्डची १९९५ची आवृत्ती दिसली, ३५० रुपयांना घेतली. पिशवीचा बंद तुटेल इतकी जड.

या कोशामागचं काम १९८०मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात सुरू झालं, भाषाशास्त्रज्ञ जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली, आणि पहिली आवृत्ती १९८७मध्ये निघाली. लोकांनी खरोखर बोललेलं आणि लिहिलेलं इंग्रजी संगणकात साठवायचं, आणि एखादा शब्द कुठे, कुणाबरोबर येतो हे पाहून मग अर्थ लिहायचा, ही त्यांची रीत. अर्थ लिहायची पद्धतही वेगळी. समोर एकच प्रतिशब्द ठेवून ते मोकळे होत नाहीत, अख्खं वाक्य लिहितात : तुम्ही अमुक करता तेव्हा तमुक होतं. अर्थ वाचतानाच शब्द कसा वापरायचा तेही कळतं. मुलांना समजावताना मीही आता तसंच बोलते.

आता ‘टेक’चं पान. तिथे नोंदीचे सरळ दोन भाग केलेले आहेत. पहिल्यात फक्त अशी वाक्यं, जिथे अर्थ पुढच्या नामात असतो आणि ‘टेक’ नुसता त्याला चालवतो. टेक अ शॉवर, टेक अ लुक, टेक अ डिसिजन. दुसऱ्या भागात बाकीचं सगळं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मांडीवर तसंच ठेवून किती वेळ बसले होते, कारण आपलं ‘घेणे’ हुबेहूब हेच करतं! निर्णय घेणे, भाग घेणे, श्वास घेणे, काळजी घेणे. यात हातात काहीच घेतलं जात नाही. आणि या चारही ठिकाणी इंग्रजीत ‘टेक’ चालतो. मुलांना हे आधी सांगितलं की त्यांची निम्मी भीती जाते.

मग जिथे मराठी आणि इंग्रजीच्या वाटा वेगळ्या होतात तिथे थांबायचं. फोटो आपण काढतो, डुलकी काढतो, चप्पल काढतो. इंग्रजीत तिन्हीकडे ‘टेक’, चपलेला पुढे ‘ऑफ’ जोडायचं. शिक्षण मात्र आपण घेतो आणि ‘टेक एज्युकेशन’ असं कुणी इंग्रज म्हणत नाही. वेळ आपल्याला लागतो : ‘मला एक तास लागला’चं ‘इट टुक मी अ‍ॅन अवर’. आणि सगळ्यात मोठी गंमत परीक्षेची. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि बाई परीक्षा घेतात. इंग्रजीत उलटं, विद्यार्थी ‘टेक’ करतो. म्हणून माझी मुलं वर्षानुवर्षं ‘आय गेव्ह द एक्झाम’ लिहीत आली. भारतात ते सगळ्यांना समजतं, पण परदेशात मुलाखतीत कुणी असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, हे शिक्षक असावेत. ज्यांना हा उलटफेर लक्षात राहत नाही त्यांना मी ‘परीक्षेला बसणे’ सांगते. इंग्लंडात ‘सिट अ‍ॅन एक्झाम’ म्हणतात, शब्दाला शब्द आपलंच.

नोंदीच्या शेवटी ‘टेक’ला अप, ऑन, इन, ओव्हर अशी शेपटं लागून होणारी क्रियापदं एकत्र दिली आहेत. त्यात ‘टेक आफ्टर’ आहे. मुलगी अगदी आईवर गेलीये, हे सांगायला. दहावीतल्या एका मुलीने हे वाचून विचारलं, ‘मॅडम, आपण आईवर जातो आणि इंग्रज आईमागून घेतात का?’ मला त्या प्रश्नाचा फार आनंद झाला. शब्द असा हातात धरून बघायला लागलं की भाषा येते.

उणीव सांगायची तर यात मराठीचं एक अक्षर नाही, त्यामुळे आठवीच्या आतल्या मुलांना हा देऊ नका, ती कंटाळतील. मोठ्या मुलांना द्या, पण सोबत एक वही ठेवायला सांगा. माझ्या वहीत ‘टेक’च्या पानावर आजवर ३१ मराठी क्रियापदं जमली आहेत. उलटी खात्री करायची झाली, म्हणजे आपला एखादा मराठी शब्द इंग्रजीत कसा गेलाय हे बघायचं झालं, तर मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट शोधता येतो. इतका जुना असूनही ‘घेणे’, ‘लागणे’ अशा शब्दांना तो आजही उपयोगी पडतो.

कोबिल्डचं पुस्तक मिळालं नाही तरी अडू नका. कॉलिन्स या प्रकाशकाच्या संकेतस्थळावर त्याच्या नोंदी उच्चारासकट पैसे न देता वाचता येतात. शाळेत मी मोबाइलवर तेच दाखवते. घरी मात्र पुस्तकच लागतं, कारण छापील पानावर ‘टेक’ शोधताना आजूबाजूचं ‘टॅकल’, ‘टॅक्ट’, ‘टेल’ आपोआप नजरेखालून जातं.

सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या पानापासून वाचू नये. ‘टेक’ काढा, मग ‘गेट’, ‘मेक’, ‘गिव्ह’. एका क्रियापदाला एक आठवडा. आमच्या वर्गात या आठवड्यात ‘गेट’ चालू आहे आणि फळ्यावरचे १४ अर्थ मी मुलांना पुसू दिलेले नाहीत.