'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची ब्लू-रे: मळ काढला, दाणा ठेवला

आमचं गाव दारव्ह्यापासून आत, आणि माझे मामा पंचवीस वर्षं टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते, त्यामुळे आमच्याकडे पिक्चर म्हटलं की हिरो-हिरोइनचं नंतर, आधी प्रिंट कशी होती ते बोलणं. तर मावसभाऊ अमेरिकेहून दिवाळीला येणार होता त्याला सांगून जुने पिक्चर नीट करून डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीची 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची ब्लू-रे मागवली, २०१८ ला आलेली दोन डिस्कवाली, आणि परवा रात्री वऱ्हांड्यातला टीव्ही आत घेऊन मामांना बसवून पाहिली. सरळ सांगतो, जुना भुताचा पिक्चर इतका जिवंत मी आजवर पाहिला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ चा पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट, जॉर्ज रोमेरो डायरेक्टर, पिट्सबर्गची मंडळी जाहिराती बनवायची त्यांनीच सव्वा लाख डॉलरच्या आत उभा केला. पाडायला काढलेलं एक शेतातलं घर मिळालं त्यातच बहुतेक सगळं शूटिंग. रक्त म्हणून चॉकलेट सिरप. मेलेली माणसं उठून गवतातून घराकडे चालत येतात आणि आत अडकलेले लोक दारं-फळ्या ठोकत बसतात, एवढीच स्टोरी. पण जागलीला ज्याने एकट्याने वावरातल्या खोलीत रात्र काढली आहे त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता मुद्दा. या पिक्चरचं नाव आधी वेगळं होतं, वितरकाने ते बदललं आणि बदलताना नावाच्या पाटीवरची कॉपीराइटची ओळच गेली, त्या काळच्या अमेरिकेच्या कायद्याने पिक्चर सगळ्यांचा झाला. म्हणजे ज्याला वाटेल त्याने कॅसेट काढावी, डीव्हीडी काढावी, वाटेल तसा बदलावा. आणि बदलला ना भाऊ! १९८६ ला कॉम्प्युटरने रंग भरून काढला, त्यात मुडदे चक्क हिरवे. २००४ ला परत रंग भरला, तो जरा बरा, पण रंगाचं कामच काय तिथे? चॉकलेट सिरप ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रक्त दिसतं म्हणून तर त्यांनी ते वापरलं होतं. सगळ्यात मला राग आला तो १९९९ च्या तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीचा, त्यात रोमेरोच्याच जुन्या सोबत्याने, जॉन रुसोने, नवीन सीन शूट करून मधेमधे जोडले आणि संगीतही नवीन टाकलं, स्मशानातला जो पहिला मुडदा आहे त्याच नटाला तीस वर्षांनी परत उभं केलं. माणूस तीस वर्षांनी म्हातारा झालेला दिसतो आणि पुढच्या शॉटला परत तरुण. रोमेरो त्यात नव्हता. असं करायला नको होतं, मला मनापासून वाटतं.

मी स्वतः हा पिक्चर पहिल्यांदा पाहिला तो नागपूरला फुटपाथवर घेतलेल्या डीव्हीडीवर, त्यात रात्रीचे सीन म्हणजे डांबर, कोण कुठून येतं ते कळतच नव्हतं. नंतर नेटवर एका चॅनलवर 'फुल एचडी रिस्टोर्ड' लिहिलेला सापडला, खूश होऊन लावला तर सगळ्यांची तोंडं मेणाची. हे कशाने होतं ते सांगतो. फिल्मवर जो बारीक दाणा दिसतो ना, ग्रेन, तो मळ नाही, फिल्मवरच्या चांदीचा आहे, चित्र बनलंच त्याच्यापासून. दर फ्रेममध्ये तो वेगळ्या जागी असतो. सॉफ्टवेअरला सांगितलं की नॉइज काढ, की ते एका फ्रेमची दुसरीशी तुलना करून जे हललं ते पुसायला लागतं, आणि मग दाण्यासोबत गालावरच्या सुरकुत्या, स्वेटरची वीण, गवताची पातं सगळं जातं. गवत सारवलेल्या अंगणासारखं सपाट. मुडदे ज्या गवतातून येतात ते गवतच राहिलं नाही तर भ्यायचं कशाला?

या डिस्कवर तसं नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि जुने पिक्चर जपणाऱ्या फिल्म फाउंडेशनने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून फोर-केमध्ये, म्हणजे खूप बारीक तपशिलात, काम केलं, २०१६ ला ते दाखवलं, आणि रोमेरो आणि त्याची जुनी मंडळी स्वतः देखरेखीला होती. रोमेरो २०१७ च्या जुलैत गेला, म्हणजे जाण्याआधी त्याने आपला पिक्चर नीट करून ठेवला असंच मी म्हणतो.

मामा पहिली दहा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "काऊन रे, पाऊस कुठी गेला?" पाऊस म्हणजे घासलेल्या प्रिंटवर ज्या उभ्या रेघा पडतात त्या. मी म्हटलं मामा, पाऊस काढला, हे निगेटिव्हवरून केलं आहे. थोड्या वेळाने परत, "अन् रीळ बदलायची खूण? वरच्या कोपऱ्यात ठिपका येते तो?" ती खूण शोधत त्यांची नजर अजूनही उजव्या कोपऱ्यात जाते. मग पिक्चरचा हिरो ड्युएन जोन्स फळ्या ठोकतो तो सीन आला, लाकडाच्या रेषा, खिळ्याची डोकी, कपाळावरचा घाम, आणि सगळ्यावर तो दाणा बारीक वळवळत होता. मामा खुर्ची पुढे ओढून बसले. "हे फिल्म आहे," इतकंच म्हणाले.

आवाज मोनोच, म्हणजे जुन्यासारखा एकपदरी, ठेवला आहे, उगाच चारी बाजूंनी ढणढण नाही. चित्र जुन्या मापाचं, जवळपास चौकोनी, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतात, कृपा करून रिमोटने झूम करू नका, डोकी कापली जातात.

शेवटी पिक्चर हलता राहत नाही, एकामागे एक फोटो येतात, ढोबळ दाण्याचे, पेपरात छापलेले असतात तसे. शेवट सांगत नाही. पण त्या मेणवाल्या कॉपीत हे फोटो गुळगुळीत करून टाकले होते, आणि तिथे तो दाणाच तर बोलतो, की जे आतापर्यंत भुताचं वाटत होतं ते आता बातमीसारखं दिसतं. परवा ते फोटो संपेपर्यंत घरात कोणी लाइट लावला नाही.

पाहताना सारखं रामसेंचं आठवत होतं. गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर चालायचे त्यात 'पुराना मंदिर' ठरलेला, १९८४ चा. कॅमेरामन गंगू रामसेंनी लाल-निळे लाइट टाकून केलेले ते सीन आज नेटवर बघायला जावं तर कोणीतरी एआयने वाढवलेले, रंग फुटलेले, समोरची पोरगी बाहुलीसारखी. आपल्या या पिक्चरांनाही निगेटिव्हपर्यंत जाऊन कोणी असा हात लावावा, प्रेमाने.

घेणाऱ्यांसाठी: ब्लू-रे डिस्क ज्या भागासाठी (रिजन) काढलेली असते त्याच भागाच्या प्लेअरवर चालते; ही डिस्क रिजन ए आहे आणि आपला भारत रिजन सी, म्हणून सगळ्या भागांच्या डिस्क चालवणारा ऑल-रिजन प्लेअर आधी बघा. सबटायटल इंग्रजीच. दुसऱ्या डिस्कवर बाकीचं साहित्य आहे, आणि पिक्चरची कच्ची जोडणीही मिळते, 'नाइट ऑफ अनुबिस' नावाची, ती मामांनी या शनिवारसाठी राखून ठेवली आहे, लाइन गेली तर रविवारी. दारव्हा-दिग्रस भागातलं कोणी असेल तर खुशाल या, सतरंजी टाकतो.