पंचायत समितीची सेवा: गटविकास अधिकाऱ्याचा आठवडा आणि आपलं काम

ग्रामीण विदर्भात घरकुलाचा हप्ता, रोजगार हमीची मजुरी, सिंचन विहिरीची मंजुरी आणि ग्रामपंचायतीविरुद्धची तक्रार, या चारही कामांचा रस्ता तालुक्याच्या पंचायत समितीतून जातो. तिथले मुख्य अधिकारी म्हणजे गटविकास अधिकारी. लोक या कार्यालयाबद्दल बोलताना साहेब चांगले की वाईट एवढंच बोलतात. सेवा म्हणून जोखायचं असेल तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात: साहेबांच्या आठवड्यातले किती तास तालुक्याच्या वाट्याला येतात, आणि ते तास कोणते हे गावातल्या माणसाला आधी कळतं का. पहिल्या बाबतीत बऱ्याच पंचायत समित्या जेमतेम उत्तीर्ण होतात. दुसऱ्या बाबतीत जवळपास सगळ्याच कमी पडतात, आणि ही उणीव एका फलकाने भरून निघण्यासारखी आहे म्हणून जास्त खटकते.

कागदावरचा आठवडा सोपा आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ सकाळी 9:45 ते सायंकाळी 6:15 झाली. या पाच दिवसांतला एखादा दिवस जिल्हा परिषदेतल्या आढावा बैठकीत जातो. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर आणि रस्ता घाटाचा, भामरागडहून गडचिरोली तर त्याहून लांब. तिथल्या अधिकाऱ्याचा बैठकीचा दिवस म्हणजे पूर्ण दिवस, कधी मुक्कामही. उरलेल्या दिवसांत व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्सवरच्या बैठका) असतात: घरकुलाची वेगळी, रोहयोची वेगळी, स्वच्छ भारतची वेगळी, वित्त आयोगाच्या खर्चाची वेगळी. निरोप आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी भेटीला येणाऱ्याला तो कळण्याची सोयच नसते. एक दिवस ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या सभेत जातो (2024 मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एकत्र करून हे नाव दिलं). त्यावर दौरे, दप्तर तपासणी आणि आमदार-खासदारांच्या बैठका. निवांत टेबलावर बसून फाइली वाचायला दीड दिवस मिळाला तर आठवडा चांगला म्हणायचा.

म्हणून पहिली सूचना वेळेची. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी काळीपिवळ्या भरून येतात आणि त्या दिवशी कार्यालयात सगळ्यात जास्त गर्दी होते. काम साध्या सहीचं असेल तर त्या दिवशी चालेल, पण प्रकरण समजावून सांगायचं असेल तर दुसरा दिवस धरा. निघण्याआधी स्वीय सहायकाला किंवा सामान्य प्रशासन विभागाला फोन करून साहेब मुख्यालयी आहेत की नाही एवढं विचारा. मार्चमध्ये भेटीची अपेक्षा ठेवू नये. वर्षअखेरीची देयकं आणि कर वसुलीचा आढावा यातच महिना संपतो.

आता टेबलांकडे येऊ. बहुतेक लोक थेट साहेबांच्या दालनाबाहेर बसतात, आणि वेळ तिथेच वाया जातो. कुठलाही अर्ज आधी आवक-जावक टेबलावर द्यायचा. तिथे नोंदवहीत क्रमांक, तारीख, अर्जदाराचं नाव, विषय आणि कोणत्या टेबलाकडे पाठवला हे लिहिलं जातं. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घेतल्याशिवाय जागेवरून उठू नका. नुसत्या गोल शिक्क्याच्या प्रतीचा पुढे फार उपयोग होत नाही, कारण पुढच्या खेपेला कारकून पहिला प्रश्न क्रमांकाचाच विचारतो. तिथून अर्ज शाखेत जातो, शाखेचा कारकून टिपणी लिहितो, विस्तार अधिकारी किंवा कक्ष अधिकारी अभिप्राय देतो, पैशाचा विषय असेल तर सहायक लेखाधिकाऱ्याकडे जातो आणि शेवटी साहेबांपुढे. फाइल सहीसाठी अडली असं सांगितलं जातं तेव्हा ती अनेकदा टिपणीच लिहिली न गेल्याने शाखेत पडलेली असते. ‘साहेबांनी सही केली का?’ यापेक्षा ‘टिपणी सादर झाली का, कोणत्या तारखेला?’ हा प्रश्न विचारा. उत्तर नेमकं मिळतं.

घरकुलाची सेवा या सगळ्यांत बरी आहे, कारण तिचा प्रत्येक टप्पा ऑनलाइन दिसतो. केंद्राच्या योजनेत सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये, किमान 25 चौरस मीटरचं घर, शौचालयाचे 12 हजार स्वच्छ भारतमधून आणि स्वतःच्या घरावर केलेल्या कामाची 90 दिवसांपर्यंतची मजुरी रोजगार हमीतून. पैसे टप्प्याने येतात, आणि जोता, सिल लेव्हल (खिडकीच्या तळापर्यंतची भिंत), छत अशा प्रत्येक टप्प्याला गृहनिर्माण अभियंत्याने जागेवर येऊन फोटो काढून जिओटॅग (जागेच्या नोंदीसह अपलोड) करावा लागतो. जोता भरून झाला त्याच दिवशी अभियंत्याला कळवा. त्याच्याकडे अनेक गावं असतात आणि तो गावात कधी येणार हे त्यालाही नेमकं सांगता येत नाही. फोटो होईपर्यंत पुढचा हप्ता निघत नाही, साहेबांनी कितीही मनावर घेतलं तरी.

सगळ्यात जास्त बुडते ती मजुरी. घरकुलाचं मस्टर (मजुरांचा हजेरीपट) वेगळं काढावं लागतं आणि ते काम सुरू होतानाच मागावं लागतं. मागच्या तारखेचं मस्टर निघत नाही आणि घर पूर्ण दाखवल्यावर तर प्रश्नच मिटतो. ग्राम रोजगार सेवकाकडे कामाची मागणी लेखी द्या, दिनांकित पावती घ्या आणि पहिलं मस्टर निघालं का हे पाया खोदायच्या आठवड्यातच पाहा. रेतीचंही तसंच: घरकुलाला 5 ब्रास रेती मोफत द्यायचं शासनाचं धोरण आहे, पण ती तहसील कार्यालयाकडून मिळते. पंचायत समितीचं काम लाभार्थ्यांची यादी तिकडे पाठवण्याचं. यादी गेली का, एवढंच इथे विचारायचं.

जागेचा प्रश्न विदर्भात वेगळा आहे आणि त्याची नीट माहिती टेबलावर क्वचितच मिळते. नमुना 8 वर नाव असलं म्हणजे जागा आपली झाली असं नाही. तो कर आकारणीचा उतारा आहे. घर ई-क्लास (सरकारी पडीक-गायरान) जमिनीवर असेल तर अतिक्रमण नियमित होण्याचा मार्ग महसूलकडून जातो. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत त्यावर झुडपी जंगलाची (महसूल नोंदीतल्या खुरट्या झुडपांच्या जमिनीची) भर पडते. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल ही वनजमीनच मानली. 12 डिसेंबर 1996 पर्यंतच्या वाटपांना सवलतीचा मार्ग ठेवला, त्यानंतरच्यांची वाट अवघड केली. मंजुरीपत्र हातात आलं तरी सातबाऱ्यावर झुडपी जंगलाची नोंद असेल तर पायाचा दगड टाकण्याआधी तलाठी कार्यालयात खात्री करा.

रोजगार हमीत काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम आणि मस्टर बंद झाल्यापासून 15 दिवसांत मजुरी हा हक्क आहे. महाराष्ट्रात कार्यक्रम अधिकारी तहसीलदार आणि सह कार्यक्रम अधिकारी गटविकास अधिकारी अशी रचना असल्याने तक्रार घेऊन गेलेला मजूर दोन कार्यालयांमध्ये फिरतो. ग्रामपंचायतीचं काम असेल तर पंचायत समिती, कृषी किंवा वन विभागाचं असेल तर तहसील, हे आधी ठरवून घ्या. मजुरी निघण्याची साखळी अशी आहे: कामावर मोबाइलने फोटोसह हजेरी, तांत्रिक सहायकाचं मोजमाप, ऑपरेटरची नोंद, मग पैसे हस्तांतरणाचा आदेश. त्यावर दोन डिजिटल सह्या लागतात, पहिली लेखा बाजूची आणि दुसरी गटविकास अधिकाऱ्याची. ही दुसरी सही पेनने होत नाही. पेन ड्राइव्हसारखं एक टोकन संगणकाला लावून, पासवर्ड टाकून होते, आणि ते टोकन त्या अधिकाऱ्याच्या नावावर असतं.

विदर्भातल्या बऱ्याच तालुक्यांत पद रिकामं असतं किंवा एकाच अधिकाऱ्याकडे दोन तालुक्यांचा प्रभार असतो. बदली झाली की नव्या अधिकाऱ्याची डिजिटल सही प्रणालीत नोंदवून मंजूर व्हावी लागते, आणि तोवर तालुकाभरची मजुरी थांबते. इथे मजुराचा काही दोष नसतो आणि त्याला कोणी कारणही सांगत नाही. प्रभार बदलाच्या आदेशासोबतच सहीची नोंदणी सुरू करणं हे जिल्हा परिषदेच्या हातात आहे. ज्या जिल्ह्यात ते होत नाही त्या जिल्ह्याच्या सेवेला या एका कारणासाठी नापास करावं लागेल. ग्रामपंचायतीतही हेच घडतं: सरपंच बदलला की त्याची सही नोंदेपर्यंत वित्त आयोगाचा पैसा खात्यात पडून राहतो.

सही झाली तरी पैसे परत जाण्याचं दुसरं कारण बँकेत असतं. आधारवरचं नाव आणि जॉब कार्डावरचं नाव जुळत नाही, खातं आधारशी जोडलेलं नसतं किंवा बंद पडलेलं असतं. विदर्भ कोकण ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली आहे. त्या बँकेच्या खातेदारांनी अर्जाला जुन्या पासबुकाची झेरॉक्स न जोडता शाखेतून नवीन छापून घेतलेलं पहिलं पान जोडावं.

पाणीटंचाईची सेवा हंगामी आहे आणि तिचं नियोजन बरं असतं. आराखडा ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून अशा तीन टप्प्यांत होतो. ग्रामपंचायतीचा ठराव, गटविकास अधिकारी आणि तहसीलदार यांची संयुक्त पाहणी, मग वरची मंजुरी. चिखलदऱ्याच्या पाड्यांवर टँकर आणि अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचा स्रोत, असे प्रश्न वेगळे असले तरी ठरावाचा कागद सारखाच लागतो. ठराव मे महिन्यात पाठवणाऱ्या गावाला पाणी उशिराच मिळणार. विहीर अधिग्रहणाचा ठराव असेल तर विहीरमालकाचं संमतीपत्र, गट क्रमांक आणि पाण्याची सध्याची पातळी लिहा. एवढं असलं की पाहणी एका फेरीत संपते.

सगळ्यात कमजोर बाजू तक्रारीची. ग्रामपंचायतीच्या कामात गैरप्रकार झाल्याचा अर्ज आला की साहेब तो विस्तार अधिकाऱ्याकडे (पंचायत) चौकशीला देतात. त्या अधिकाऱ्याकडे आधीच अनेक ग्रामपंचायतींची तपासणी असते, आणि चौकशी ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याशी त्याचं रोजचं कामकाज असतं. ‘रस्त्यात भ्रष्टाचार झाला, चौकशी करावी’ अशा अर्जावर ‘अभिलेख तपासले, तथ्य आढळले नाही’ असं उत्तर येतं. अर्ज नेमका असेल तर असं मोघम उत्तर देता येत नाही. कामाचं पूर्ण नाव लिहा, योजना लिहा (15 वा वित्त आयोग, जनसुविधा, 2515 हे ग्रामविकासाचं लेखाशीर्ष, आमदार निधी यांचे कागद वेगवेगळ्या ठिकाणी असतात), आर्थिक वर्ष लिहा. 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयकाचं प्रमाणक (व्हाउचर) आणि पूर्णत्वाचा दाखला मागा. 30 दिवसांत माहिती आली नाही तर पहिलं अपील. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी आकड्यांत असते. टेप घेऊन रस्ता मोजा आणि फरक तक्त्यात मांडा. वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही पाहता येतो, तो अर्ज करण्याआधीच पाहून घ्यावा.

या कमजोरीचं एक कारण कार्यालयाबाहेरचं आहे. अमरावती, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतल्या 2017 साली निवडून आलेल्या पंचायत समित्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि गटविकास अधिकारीच प्रशासक झाले. कायद्याने पंचायत समितीची सभा दरमहा व्हायची, तिथे सदस्य उठून गावाच्या फाइलीचा जाब विचारायचे, उत्तर इतिवृत्तात यायचं. ती सभा थांबली की ठराव करणारा आणि अंमल करणारा एकच माणूस उरतो. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही त्यामुळे तालुक्याचं म्हणणं ऐकू येईनासं होतं.

ग्रामपंचायतीच्या दाखल्यांसाठी मात्र पंचायत समितीत यायची गरज सहसा पडू नये. जन्म-मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणी, नमुना 8 चा उतारा या सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित आहेत. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत अपील करता येतं, आणि सबळ कारणाशिवाय दिरंगाई करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंडाची तरतूद आहे. आपले सरकार पोर्टलवर किंवा गावातल्या सेवा केंद्रात अर्ज केला की टोकन क्रमांक मिळतो. हातोहात दिलेल्या कागदाला तो मिळत नाही, म्हणून चार पैसे शुल्क गेलं तरी ऑनलाइनच अर्ज करा.

तालुक्यात दाद लागली नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात आणि 15 दिवस आधी द्यावा लागतो, तक्रार वैयक्तिक असावी लागते, न्यायालयात असलेलं प्रकरण घेतलं जात नाही. अर्जाला पंचायत समितीतली ती आवक क्रमांकाची प्रत जोडा. पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद पडू शकतो. तिकडच्या लोकांनी हे कागद जूनच्या आत दाखल करावेत.