नॅनोक्रिस्टलसाठी बीड मिल की होमोजिनायझर?

सांगली-मिरजेकडे एम. फार्म.चा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना हा प्रश्न हमखास पडतो: पाण्यात न विरघळणारं औषध दळून त्याचे नॅनोमीटरमधले स्फटिक, म्हणजे नॅनोक्रिस्टल, करायचे, तर कुठल्या यंत्रावर?

माझं मत बीड मिलकडे झुकतं. औषध, पाणी आणि स्टॅबिलायझर (कण पुन्हा चिकटू नयेत म्हणून घालायचा पदार्थ) यांच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे कण न विरघळता तरंगणाऱ्या मिश्रणात, झिरकोनियाचे किंवा पॉलिस्टायरीनचे बारीक मणी फिरवले की घर्षणाने स्फटिक फुटत जातात. कण 200-300 नॅनोमीटरवर यायला तास लागतात, कधी दिवसही. पण काम बिनबोभाट होतं. 2000 साली अमेरिकेत मंजूर झालेली रॅपाम्यूनची गोळी (किडनी प्रत्यारोपणानंतर देतात ती) याच तंत्राची. दुखणं एकच, मणी झिजतात. ती झीज औषधात किती उतरली, हे तपासल्याशिवाय बॅच पुढे सरकवू नये, इंजेक्शनची तर मुळीच नाही.

होमोजिनायझरमध्ये तेच सस्पेन्शन 1500 बारच्या आसपास दाबाने (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) काही मायक्रॉनच्या फटीतून काढतात, बहुतेकदा 10 ते 20 वेळा. मण्यांची कटकट नाही. मात्र पावडर आधी बारीक केलेली नसेल तर फट चोंदते, आणि उघडून साफ करण्यात अख्खी दुपार जाते. शिवाय दर 100 बारला तापमान साधारण अडीच अंशांनी चढतं, म्हणजे 1500 बारला एका फेरीत पस्तीसेक अंश! सांगलीच्या एप्रिलमध्ये चिलर धड नसेल तर उष्णतेने बिघडणारं औषध यात घालूच नका.

स्टॅबिलायझर चुकला तर दोन्हीकडे कण पुन्हा चिकटतात. म्हणून यंत्राची वेळ मागण्याआधी चार-पाच स्टॅबिलायझर छोट्या बाटलीत, मणी घालून, चुंबकी स्टररवर पारखून घ्या.