ईथरपॅड: ब्लॉगरांच्या अनकॉन्फरन्समध्ये टिपणं कुठे ठेवावीत?

अनकॉन्फरन्स म्हणजे ज्याचे विषय जमलेली माणसं त्याच सकाळी ठरवतात असा मेळावा. तिथे एका वेळी तीन-चार खोल्यांत सत्रं चालतात आणि मन रमलं नाही तर उठून दुसरीकडे जायची मुभा असते. हॅरिसन ओवेन यांनी १९८५ च्या सुमारास ओपन स्पेस पद्धत मांडली, तेव्हापासूनची ही रीत. त्यामुळे प्रत्येकाचं काही ना काही हुकतंच. ती भरपाई ईथरपॅड, म्हणजे ब्राउझरमध्ये अनेकांनी मिळून लिहायचं सॉफ्टवेअर, करतं, आणि फार चांगली करतं.

त्यातल्या एका पानावर, म्हणजे पॅडवर, अनेक जण एकाच वेळी लिहितात आणि प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो. खातं उघडावं लागत नाही, लिंक मिळाली की झालं. सकाळच्या गर्दीत पासवर्ड आठवत बसायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून हा गुण सगळ्यात मोलाचा. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे: स्वतःच्या सर्व्हरवर बसवा किंवा एखाद्या संस्थेचा सार्वजनिक सर्व्हर वापरा.

तयारी आदल्या दिवशी करावी. चार खोल्या आणि प्रत्येकीत सत्रांच्या पाच वेळा असतील तर वीस पॅड आणि त्या सगळ्यांच्या लिंकांचं एक अनुक्रमणिकेचं पॅड. पॅडचं नाव विषयावरून देऊ नका, विषय तर सकाळीच ठरणार. खोली आणि वेळेवरून द्या, तेही रोमन अक्षरांत आणि अंकांत. देवनागरी नाव दिलं की लिंक कॉपी करताना टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि भिंतीवरून बघून ती टाइप करणं अशक्य. प्रत्येक खोलीच्या दारावर लिंक आणि क्यूआर कोड चिकटवा.

प्रत्येक पॅडच्या माथ्यावर चार ओळी आधीच घालून ठेवा: विषय, सत्र मांडणारा, टिपणं घेणारे दोघं, आणि नाव घालून लिहिलेलं कुणाला चालणार नाही ते. चौथी ओळ ब्लॉगरांच्या मेळाव्यात अत्यावश्यक आहे. इथे बसलेला जवळपास प्रत्येक जण संध्याकाळी पोस्ट टाकणार असतो. टिपणाला दोघं हवेतच: एक बोलणं उतरवतो, दुसरा नावं आणि लिंका नीट करतो. एकटाच असेल तर तो चर्चेत भाग घेत नाही, किंवा घेतो आणि टिपण तिथेच थांबतं.

वेळापत्रकासाठी मात्र ईथरपॅड वापरू नये. मूळ रूपात त्यात तक्ता नाही, त्यासाठी प्लगइन, म्हणजे सर्व्हरवर बसवायची जोडसोय, लागतं. खरी अडचण वेगळीच आहे. दोन सारखे विषय एकत्र करायचे, मोठ्या खोलीची अदलाबदल करायची, ही घासाघीस भिंतीसमोर उभं राहूनच होते. मोठा कागद, रेघा मारलेले चौकोन, चिकट चिठ्ठ्या आणि जाड मार्कर पुरे. बॉलपेनने लिहिलेलं चार पावलांवरून वाचता येत नाही. चिठ्ठ्या ठरल्या की तक्त्याचा फोटो काढून एकाने अनुक्रमणिका भरावी.

बिघाड बहुतेक वायफायमुळे होतो. जोडणी तुटली की पॅड लिहिणं थांबवून पुन्हा जोडायला सांगतं. त्या क्षणी पान ताजं केलं तर न पोचलेला मजकूर जाऊ शकतो, म्हणून शेवटचा परिच्छेद आधी कॉपी करून घ्यावा. दुसरा धोका, कुणीतरी चुकून सगळं निवडून पुसतं. घाबरू नका, पॅडच्या जुन्या आवृत्त्या दाखवणारी पट्टी, म्हणजे टाइमस्लायडर, मागे ओढा, हवी ती आवृत्ती उतरवून घ्या. सत्र संपताच ताऱ्याचं बटण दाबून आवृत्ती जतन केली तर ती टाइमस्लायडरवर पटकन सापडते. वाचकांना द्यायची असेल तर फक्त-वाचनाची लिंक द्या, ती शेअरच्या खिडकीत मिळते.

फोनवर वाचायला ठीक, लिहायला कंटाळवाणं. टिपण घेणाऱ्याकडे लॅपटॉप हवा. चित्रं टाकायला आणि शीर्षकांची मांडणी करायलाही प्लगइन लागतं. साधा मजकूर आणि एचटीएमएल सहज उतरवता येतात. वर्ड किंवा पीडीएफ हवी असेल तर सर्व्हरवर त्याची वेगळी सोय केलेली असावी लागते.

सार्वजनिक सर्व्हर निवडण्याआधी तिथला मुदतीचा नियम वाचा. काही ठिकाणी ठरावीक काळ न उघडलेली पॅड पुसली जातात. सगळी पॅड त्याच संध्याकाळी एचटीएमएलमध्ये उतरवून एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि ब्लॉग पोस्टमध्ये पॅडची लिंक देऊ नका, मजकूरच द्या.