आठ महिन्यांनंतर: होलोग्रामचा प्रकाशचिमटा आणि तो मधला ठिपका

एसएलएम (झोत हवा तसा वळवणारा पिक्सेलांचा छोटा पडदा) जोडलेला प्रकाशचिमटा, म्हणजे लेसरच्या झोतानं सूक्ष्म कण धरून हलवायचं यंत्र, वापरून आठ महिने झाले. १०६४ नॅनोमीटरचा लेसर, तेलात बुडवायचं ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचं भिंग) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच. मला बोलायचंय ते मधल्या ठिपक्याबद्दल.

एसएलएमवर कुठलाही होलोग्राम (प्रकाश कुठं वळवायचा ते ठरवणारं चित्र) चढवा, थोडा प्रकाश न वळता सरळ येतो आणि ऐन मध्यावर स्वतःचा सापळा, म्हणजे कण धरून ठेवणारा ठिपका, मांडतो. १९८६ साली ॲश्किन आणि सहकाऱ्यांनी एकाच झोतात कण धरून दाखवला, तेव्हा मध्य हाच सापळा होता. इथं आपण शेजारी सापळे मांडतो, म्हणून हा उपद्रव. एक मायक्रॉनचा सिलिकाचा मणी जपून, त्याच्या त्रिज्येहून लहान पावलांनी सरकवत न्यावा, आणि मध्याजवळ येताच तो झटक्यात तिकडे खेचला जावा. रोज! सर्व्हिसवाल्यांचं एकच पालुपद: "हे सगळ्याच एसएलएममध्ये असतं." तीन महिने मेल लिहून मी अक्षरशः वैतागलो.

चौथ्या महिन्यात कळलं, सोबत आलेली कॅलिब्रेशन फाइल (एसएलएमच्या पिक्सेलांना किती सिग्नल द्यायचा ते सांगणारी) ६३३ नॅनोमीटरच्या लेसरसाठीची होती. १०६४ ला पूर्ण तरंगलांबीइतका फेजबदल (प्रकाशलहर मागंपुढं सरकवणं) कधी मिळतच नव्हता, आणि न वळलेला सगळा प्रकाश मध्यावर जात होता. फाइल बदलली, ठिपका एकदम मंदावला. त्यांचं म्हणणं अर्धं खरं, हे मला मान्य करावं लागलं: पिक्सेलांमधल्या फटींमुळे थोडा प्रकाश उरतोच. पण फाइल त्यांनी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती.

उरलेल्या ठिपक्यासाठी सर्व्हिसवाले "वेगळा भाग घ्या" म्हणाले. कशाला? कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) फॉइलचा कणभर तुकडा चिकटवून, ऑब्जेक्टिव्हच्या आधी झोत जिथं एकदा एकवटतो तिथं मधल्या ठिपक्यावर बसवला, काम झालं. (फॉइलवरून झोत उलटतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गॉगल काढू नका.)

त्यानंतर भोवरा झोत (स्वतःभोवती पिळलेला झोत) लावला. होलोग्रामच्या पट्ट्यांना मध्येच काट्यासारखे फाटे फुटलेले, आणि नमुन्यात पोकळ मध्याचं प्रकाशाचं कडं. सात मणी त्या कड्यावर एकामागोमाग फिरू लागले. झोताच्या कोनीय संवेगानं, कोणी हात न लावता! मी जेवण विसरून बघत राहिलो. ही वस्तू परत करायचा विचार त्या दिवशी सोडला.

परवा सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि ठिपका पुन्हा उजळला. या वेळी आधी फाइलच उघडली. ६३३.